इलेक्ट्रॉनचा पीळ

'फिरणे' या एका क्रियापदाचा मराठीत केवढा संसार आहे पाहा. माणूस फिरायला जातो, जातं फिरतं, डोकं फिरतं, दिवस फिरतात, दिलेला शब्द फिरवला जातो. भोवरा गरगरतो, घार घिरट्या घालते, फुगडी खेळणारी मुलगी गिरकी घेते, गरजू माणूस कचेरीच्या चकरा मारतो, भाविक प्रदक्षिणा घालतो. मी कविता लिहितो, म्हणजे अशाच शब्दांच्या जिवावर जगतो. शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. विज्ञान दहावीला सुटलं ते सुटलंच. तरीही आज मी बोलणार आहे ते पदार्थविज्ञानातल्या एका गुणधर्माबद्दल. त्याचं नावच 'फिरणं' असं आहे आणि गंमत म्हणजे त्यात काहीही फिरत नाही. इंग्रजीत त्याला 'स्पिन' म्हणतात.

हा विषय माझ्याकडे आला तो माझ्या भाचीमुळे. ती आमच्या भागातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. तिच्या वर्गात कोळीवाड्यातली मुलं असतात, कुणबी-आगऱ्यांची असतात, मोहल्ल्यातली असतात. दहावीपर्यंत कुणाचं माध्यम मराठी, कुणाचं उर्दू, आणि अकरावीत गेल्यावर एकदम सगळं इंग्रजी. अणूची रचना शिकवताना इलेक्ट्रॉनच्या जागी बाण काढतात, एक वर तोंड केलेला, एक खाली. काही मार्गदर्शकांत लिहिलेलं असतं की एक घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो, दुसरा उलटा. एका मुलीनं उठून विचारलं, "मॅडम, तो खरंच फिरतो का?" भाची प्रामाणिक, ती म्हणाली, "नाही." मुलीचा पुढचा प्रश्न तयार होता : "मग पुस्तकात खोटं का लिहिलंय?"

अशा वेळी 'परीक्षेपुरतं पाठ कर' असं सांगून गप्प बसवण्याची आपल्याकडे जुनी सोय आहे. त्या सोयीनं किती मुलं विज्ञानातून उठली असतील, त्याचा हिशोब कुणी ठेवत नाही. भाचीला ते नको होतं. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "मामू, तुम्ही शब्दांतली माणसं. मला एक मराठी शब्द द्या, ज्यात फिरणं नसेल." मी म्हटलं, "बाय, अंग बघितल्याशिवाय शिंपी माप कसं घेणार? आधी मला ती चीज काय आहे ते सांग."

तिनं सुरुवात क्रिकेटपासून केली, कारण तिच्या मुलांना स्पिन म्हटलं की आधी कुंबळे आठवतो, आणि ज्यांच्या घरी धुलाईयंत्र आहे त्यांना त्यावरचं बटण. चेंडूची फिरकी गोलंदाज देतो. ती कमी देता येते, जास्त देता येते, अजिबात न देताही चेंडू टाकता येतो. टप्पा पडला की ती बदलते. इलेक्ट्रॉनचं तसं नाही. त्याला स्पिन कुणी दिलेला नाही आणि तो काढूनही घेता येत नाही. तो वाढत नाही, घटत नाही, झिजत नाही. त्याच्या ठरलेल्या मापात तो अर्धा असतो आणि विश्वातल्या झाडून सगळ्या इलेक्ट्रॉनचा तेवढाच असतो. इलेक्ट्रॉनला जसं वस्तुमान आहे, जसा विद्युतभार आहे, तसाच स्पिन. तो त्याच्या असण्याचाच भाग.

हे कळलं कसं, ते ऐकण्यासारखं आहे. १९२२ साली जर्मनीत फ्रँकफर्टला ऑटो स्टर्न आणि वाल्टर गेरलाख या दोघांनी भट्टीत चांदी तापवून तिच्या वाफेचा बारीक झोत एका खास चुंबकातून सोडला. चांदीचा प्रत्येक अणू म्हणजे एक चिमुकलं चुंबक. ही चुंबकं भोवऱ्यासारखी हव्या त्या दिशेला कललेली असती, तर काही अणू जास्त वर ढकलले गेले असते, काही थोडे, काही मुळीच नाही, आणि समोरच्या काचेवर एक लांब फराटा उमटला असता. उमटले ते दोन वेगळे पट्टे. मध्ये काही नाही. स्टर्न पुढे सांगायचे की चांदीचा थर इतका पातळ होता की काचेवर काहीच दिसेना; त्यांच्या स्वस्त चिरुटाच्या धुरात गंधक होतं, त्यानं चांदी काळी पडली आणि पट्टे दिसले. महाग चिरूट परवडले असते तर काय झालं असतं कोण जाणे.

खरी चमत्कारिक गोष्ट पुढेच आहे. चुंबक आडवं करून अणूंना 'डावे की उजवे' असं विचारलं, तरी उत्तरं दोनच येतात, पूर्ण डावा किंवा पूर्ण उजवा. तिरपं धरलं तरी दोनच. आणि जे अणू आधी 'वर' म्हणून निवडून घेतले होते, त्यांनाच मध्ये 'डावे-उजवे' विचारून पुन्हा 'वर की खाली' विचारलं, तर निम्मे आता 'खाली' म्हणतात. दुसरा प्रश्न विचारला की पहिलं उत्तर पुसलं जातं. भोवरा असं वागत नाही. कुठलीच फिरणारी वस्तू असं वागत नाही.

मग फिरण्याचं नाव आलं कुठून? १९२५ साली हॉलंडमध्ये लायडनला जॉर्ज उलेनबेक आणि सॅम्युअल गाउडस्मिट हे दोन तरुण होते. प्रकाशाच्या वर्णपटातल्या रेषांचं कोडं सुटावं म्हणून त्यांनी सुचवलं, की इलेक्ट्रॉन स्वतःभोवती फिरत असावा. पृथ्वी फिरते तसा. त्याच वर्षी राल्फ क्रोनिग या आणखी एका तरुणाला हेच सुचलं होतं, पण वोल्फगांग पाउली यांनी त्याची कल्पना उडवून लावली आणि तो गप्प बसला. लायडनच्या दोघांना म्हाताऱ्या लोरेंट्झनी हिशोब करून दाखवला : इलेक्ट्रॉन एवढासा असेल आणि एवढा संवेग त्याच्या फिरण्यातून येत असेल, तर त्याच्या पृष्ठभागाचा वेग प्रकाशाच्या कितीतरी पट भरतो. आणि प्रकाशापेक्षा वेगानं तर काहीच जात नाही. दोघं घाबरून आपला लेख परत मागायला गेले, तर त्यांचे शिक्षक एरेनफेस्ट यांनी तो आधीच छपाईला धाडला होता. तुम्ही दोघं तरुण आहात, एखादा मूर्खपणा तुम्हाला खपून जाईल, अशा अर्थाचं ते काहीतरी बोलले. (माझ्या पहिल्या संग्रहाच्या वेळी असा वडीलधारा माणूस मला भेटायला हवा होता.) लोरेंट्झ यांचा आक्षेप बरोबर होता. त्या दोघांचा गुणधर्मही बरोबर होता. बिघडलं होतं ते चित्र. शास्त्रज्ञांनी चित्र टाकून दिलं, नाव ठेवलं, आणि ते नाव आज अकरावीच्या मुलांना छळतं आहे.

आता हरिहरेश्वरला येऊ. भाचीला सुट्टी होती, समुद्राला ओहोटी होती, आम्ही दोघं प्रदक्षिणेच्या वाटेला निघालो. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो : देवळामागून पायऱ्या चढायच्या, डोंगराच्या अरुंद चिरेतून खाली उतरायचं, की एकदम समोर समुद्र आणि पायाखाली काळ्या कातळाचा सपाट ओटा. लाटांनी त्या कातळाला मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं पाडली आहेत. पलीकडे सावित्री नदीचं मुख, त्याच्यापलीकडे बाणकोट. ओटा धरून डोंगराला वळसा घालत माणूस परत देवळाच्या बाजूला येतो. भरतीला ही वाट समुद्र घेतो आणि बाहेरगावची माणसं ते ऐकत नाहीत, म्हणून दरवेळी सांगावं लागतं : भरतीत तिथं जाऊ नका. आम्ही मोहल्ल्यातली पोरं लहानपणी तिथं कालवं काढायला जायचो. देवाचा डोंगर म्हणून आम्हाला कुणी अडवलं नाही.

वळसा पूर्ण झाल्यावर भाची म्हणाली, "मामू, आपण एक पूर्ण फेरा घेतला. तीनशे साठ अंश. होतो तसे परत आलो. इलेक्ट्रॉन परत येत नाही." म्हणजे? म्हणजे इलेक्ट्रॉनला एक पूर्ण फेरा फिरवला, तर त्याच्या गणिती वर्णनासमोर उणे चिन्ह लागतं. आणखी एक पूर्ण फेरा दिला, सातशे वीस अंश झाले, की मग तो मूळचा होतो. मी म्हटलं, ही तुमची कागदावरची गंमत असेल. ती म्हणाली, नाही, १९७५ साली हे मोजलेलं आहे. युरोपात आणि अमेरिकेत, दोन वेगवेगळ्या गटांनी, न्यूट्रॉन घेऊन. कारण न्यूट्रॉनचा स्पिनही अर्धाच. झोताचे दोन भाग केले, एका भागाला चुंबकीय क्षेत्रात फेरा दिला, दोन्ही पुन्हा एकत्र आणले. एका फेऱ्यानंतर ते जुळत नाहीत, दोन फेऱ्यांनंतर जुळतात.

माझा चेहरा पाहून तिनं चहाच्या टपरीवरची बशी मागून घेतली. हे तुम्हीही घरी करा, बशी मात्र स्टीलची घ्या. तळहात वर करून त्यावर बशी ठेवायची. बशी आडवीच राहिली पाहिजे. आता ती काखेखालून आत घेत एक पूर्ण फेरा फिरवायची. बशी पुन्हा समोर आली, पण हात बघा : कोपर आभाळाकडे, सगळा दंड पिळवटलेला. आता उलटं फिरायचं नाही, त्याच दिशेनं डोक्यावरून दुसरा फेरा. हात सुटतो, सरळ होतो. एका फेऱ्यात बशी परत आली होती, हात आला नव्हता. दुसऱ्या फेऱ्यात दोन्ही आले.

हाताला पीळ पडला तिथंच मला शब्द सापडला. मी म्हटलं, "बाय, पीळ!" सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, हे तर आपण कुणाचाही ताठा पाहिला की म्हणतो. दोरीतला पीळ फिरत नाही. दोरी नुसती पडून असते, तिच्यात हालचाल नसते, तरी पीळ तिच्या अंगात असतो. आणि तो दोनच प्रकारचा, डावा नाहीतर उजवा. कोकणातल्या कुठल्याही पोराला सुंभ दाखवला की हे शिकवावं लागत नाही.

ती खूश झाली, पण शिक्षिका ती. तिनं लगेच शब्दाची परीक्षा घेतली. दोरीचा पीळ उलगडता येतो, इलेक्ट्रॉनचा येत नाही. दोरीला घट्ट पीळ असतो, सैल असतो. इथं एकच माप. दोरी काथ्याची असते, इलेक्ट्रॉन कशाचा? आजवरच्या कुठल्याही प्रयोगात त्याला आकारच सापडलेला नाही. मग पीळ कशाला पडला? याचं उत्तर तिनं दिलं ते असं, की १९२८ साली पॉल डिरॅक यांनी सापेक्षता आणि पुंजसिद्धांत या दोन्हींना मान्य होईल असं इलेक्ट्रॉनचं समीकरण लिहिलं, तेव्हा स्पिन त्यात घालावा लागला नाही, तो आपोआप निघाला. त्याच्या मागं कुठलं चित्र नाही. मी कवी आहे, मला प्रतिमेशिवाय चैन पडत नाही, पण हेही मला पटलं, की काही गोष्टी प्रतिमेवाचून असतात.

तरी माझ्या शब्दाची बाजू आणखी एका गोष्टीनं राखली. विहिरीत नव्या सुंभानं कळशी सोडा. दोरी ताणली की पीळ थोडा सुटतो आणि कळशी हळूहळू फिरू लागते. तिला कुणी फिरवलेलं नसतं. १९१५ साली आइनस्टाइन आणि डी हास यांनी जवळपास असंच काही केलं. लोखंडाचा एक दांडा बारीक तारेला टांगला, भोवती तारेचं वेटोळं ठेवलं आणि त्यात वीज सोडून दांड्याचं चुंबकत्व उलटवलं. दांडा खरोखर फिरला. इलेक्ट्रॉनचे स्पिन आतल्या आत उलटले, त्याचा हिशोब लोखंडाच्या आख्ख्या दांड्याला चुकता करावा लागला. त्या वेळी त्यांना स्पिन ठाऊक नव्हता. त्यांना वाटलं, इलेक्ट्रॉन अणुकेंद्राभोवती जे घिरट्या घालतात त्यातून हे येतं. नंतर इतरांनी नीट मोजलं तर दांड्याचं फिरणं त्या समजुतीच्या निम्मंच भरलं, आणि तो निम्मेपणा म्हणजे स्पिनची खूण होती. तेव्हा त्या मुलीला पूर्ण खरं सांगायचं तर असं सांगावं लागेल : इलेक्ट्रॉन फिरत नाही, पण फिरवण्याची ऐपत त्याच्या अंगी आहे, आणि ती मोजता येते.

इथं थोडं थांबून एक विनंती करतो. हरिहरेश्वरला रिवाज आहे, आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वराचं, मग पुन्हा काळभैरवाचं. दोनदा गेल्यावर यात्रा पुरी होते. इलेक्ट्रॉनचे दोन फेरे ऐकून कुणीतरी लगेच म्हणेल, बघा, पूर्वजांना हे माहीत होतं. आमच्या बाजूलाही सगळं विज्ञान आधीच लिहून ठेवलेलं आहे असं सांगणारे महाभाग आहेत. दोघांनाही हात जोडून सांगतो, असं करू नका. यात रिवाजाचाही मान राहत नाही आणि ज्यांनी चिरुटाच्या धुरात रात्री काढल्या त्यांचाही राहत नाही. बशी ही बशी आहे, प्रदक्षिणा ही प्रदक्षिणा आहे.

आणि खरं तर हरिहरेश्वरात स्पिन शोधायला उपमेची गरजच नाही. तो पायाखालच्या कातळात आहे.

माझ्या आजोबांकडे पितळी डबीतला किब्लानुमा होता. आत लोखंडी सुई, भोवती शहरांची नावं. सुई उत्तर दाखवायची, त्यावरून किब्ला काढायचा. आमच्या किनाऱ्यावरून तो पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कललेला. गलबतावर काढलेल्या आयुष्यात होकायंत्रावर आणि या डबीवर त्यांचा सारखाच भरवसा. ती सुई उत्तरेला का वळते? लोखंडाच्या अणूत सव्वीस इलेक्ट्रॉन. बहुतेक जोडीनं राहतात, एकाचा पीळ दुसऱ्याच्या उलट, दोघांचं चुंबकत्व फिटतं. पण एकट्या अणूत चार जोडीवाचून उरतात. अशा अब्जावधी अणूंचे बिनजोडीचे इलेक्ट्रॉन एकाच दिशेला लागले की लोखंडाचं चुंबक होतं. आजोबांची दिशा इलेक्ट्रॉनच्या स्पिननं ठरत होती.

आता कातळ. हरिहरेश्वरचा काळा दगड हा दख्खनचा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. त्यात मॅग्नेटाइटसारखे लोहखनिजांचे बारीक कण असतात. लाव्हा हजार अंशांच्या वर तापलेला असताना त्यांतल्या स्पिनची नुसती झुंडगर्दी असते, कुणाचं तोंड कुणीकडे. शुद्ध मॅग्नेटाइट ५८० अंशांच्या खाली आला की स्पिन रांगेत उभे राहतात, आणि ती रांग त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राकडे बघून लागते. दगड थंड झाला की रांग गोठते. १९५० च्या दशकात इंग्लंडहून आलेल्या क्लेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सहस्रबुद्धे, राधाकृष्णमूर्ती यांनी दख्खनच्या दगडातली ही गोठलेली दिशा मोजली. निघालं असं, की सह्याद्रीच्या फार मोठ्या जाडीत ती आजच्या उलट आहे. म्हणजे तो लाव्हा वाहिला तेव्हा आजोबांच्या सुईनं दक्षिण दाखवली असती. आणि त्या दिशेच्या कलावरून हेही निघालं, की तेव्हा आपली ही सगळी भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. समुद्राच्या तडाख्यात उभा असलेला दगड एवढी जुनी दिशा धरून ठेवतो, ती आकार नसलेल्या कणाच्या अंगच्या पिळामुळे.

आमच्याच रायगड जिल्ह्यात, अलिबागला, हे रोज मोजलं जातं. तिथली चुंबकीय वेधशाळा १९०४ सालची. त्याआधी मोजमापं मुंबईत कुलाब्याला होत असत, पण मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं आणि विजेच्या सान्निध्यात नाजूक सुयांचा निभाव लागणं शक्य नव्हतं. कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागला नवी जागा उभी केली. दोन वर्षं दोन्हीकडे एकदम मोजून ताळा जमवला, मगच १९०६ साली कुलाब्याची नोंद थांबवली.

अशा वेधशाळांत आता प्रोटॉनच्या स्पिनवर चालणारं उपकरण वापरतात. त्याची रचना ऐकून मी थक्क झालो. एका बाटलीत रॉकेल किंवा तसलंच हायड्रोजननं भरलेलं द्रव, भोवती तारेचं वेटोळं. वेटोळ्यात थोडा वेळ वीज सोडायची, की द्रवातल्या प्रोटॉनचे स्पिन त्या बाजूला झुकतात. वीज तोडली की ते पृथ्वीच्या क्षेत्राभोवती डुलू लागतात, पडायला आलेल्या भोवऱ्याची मान डुलते तसे. इथं मात्र खरोखर काहीतरी फिरतं : स्पिनची दिशा. अलिबागला पृथ्वीचं क्षेत्र सुमारे ४३ हजार नॅनोटेस्ला आहे. तेवढ्यात प्रोटॉन सेकंदाला अठराशेच्या थोडे वर हेलकावे घेतात. आणि अठराशे हेलकावे म्हणजे कानाला ऐकू येणारा सूर. वेटोळ्यातला क्षीण संदेश मोठा करून कर्ण्याला जोडला, तर बाटलीतून बारीक शीळ ऐकू येते आणि काही सेकंदांत विरते. इस्पितळातल्या एमआरआय यंत्रातही हेच प्रोटॉन असतात, आपल्या अंगातल्या पाण्याचे. दीड टेस्लाच्या यंत्रात ते सेकंदाला सहा कोटींवर हेलकावे घेतात, तुमच्या एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या जरा खाली. डॉक्टर तुमचं शरीर जवळजवळ आकाशवाणीसारखं ऐकत असतात.

१० आणि ११ मे २०२४ ला सूर्याकडून मोठं चुंबकीय वादळ आलं. लडाखमध्ये हानलेच्या आकाशात तांबडा प्रकाश कॅमेऱ्यांनी टिपला. आमच्या किनाऱ्यावर कुणाला काही दिसलं नाही. पण त्या रात्री खालच्या अक्षांशांवर पृथ्वीचं क्षेत्र सरासरी चारशे नॅनोटेस्लांच्या आसपास उतरलं होतं. भाचीनं वर्गात फळ्यावर हिशोब मांडला : एवढ्या उताराला अलिबागची बाटली किती खाली गाईल? प्रश्न विचारणारी ती मुलगी पुढे आली, गुणाकार केला आणि उत्तर लिहिलं, सेकंदाला सतरा हेलकावे.